घोडी लगाम घेईना, मान झटकते. नाजूक तोंडाला कोणती कडी चालेल?

पन्हाळारोड
९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, लिहायची वेळ आज आली.

आमच्याकडे काठेवाडी रक्ताची घोडी आहे, चंद्रा. सहा वर्षांची, ५८ इंच उंच. गेल्या वर्षी अकलूजच्या बाजारातून आणली. दावणीला असली की गरीब गाय. भावाची पोरं पोटाखालून गेली तरी पाय हलवत नाही. पण तोंडात लगाम गेला की ती आमची चंद्रा राहतच नाही. मान वर झटकते, तोंड उघडं टाकते, जीभ एका बाजूनं बाहेर काढते. डावीकडं वळवायला गेलं की सगळं अंग ताठ.

परवा रत्नागिरी रोडवर केर्लीजवळ समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मी लगाम आवळला तर ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. कशीबशी उतरले आणि बघितलं तर तिच्या डाव्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

विकणाऱ्यानं काटेकडी दिली होती (कडी म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा दांडा, हिला काटे होते), ती मी पहिल्याच दिवशी काढून ठेवली. त्यानंतर दुकानातून मधे एकच सांधा असलेली साधी कडी आणली, साडेपाच इंची, चांगली जाड. जाड म्हणजे मऊ असं दुकानदारानं सांगितलं होतं. वडील म्हणतात तोंड नाजूक आहे, रबराची घाल. गल्लीतले म्हणतात घोडी डोक्यावर बसलीय, परत काटेकडी चढव. मला तिला दुखवायचं नाही. रविवारी सकाळी तिच्यावर बसून तासभर फिरावं, एवढीच हौस आहे. कोणती कडी घेऊ?

---

निपाणीकर
९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

रबराचीच घ्या. आमच्या तट्टाला चालली.

---

जुनीपागा
१० नोव्हेंबर, सकाळी ६.०५

पोरी, कडी कंची घ्यायची ते मागनं बगू. आदी तिच्या तोंडात बोट घातलंयस का सांग.

माझा आजा कोल्हापूर संस्थानच्या पागंत मोतद्दार हुता, घोड्यांची निगा राखायचा. सोनतळीला कॅम्प असायचा तवाच्या गोष्टी सांगायचा. म्हाराज खडखड्यातनं, म्हंजी घोडागाडीतनं, निगाले की घोडी कशी नुसत्या बोटाच्या इशाऱ्यावर वळायची, ते सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पानी यायचं. त्याचं एक म्हननं हुतं, घोडं तोंडानं वाईट नसतंय, त्याचं तोंड कुनीतरी वाईट केल्यालं असतंय. नवं घोडं आलं की आजा आट दीस त्याला कडियाळं दावायचासुदिक न्हाई. नुसती म्होरकी, तोंडात काय न्हाई. रोज तोंड हुगडून बगायचा, हिरडीवरनं बोट फिरवायचा, जिभंवर जुना कापल्याला वन हाय का ते बगायचा.

तुजी घोडी सा वर्साची, म्हंजी तुज्या आदी चार-दोन हातांखालनं गेलीया. काटेकडी किती दीस हुती कुनाला ठाव. तोंड बग आदी. आन रोज कडी धुतीस का? लाळ आन चंदीचा लगदा वाळून खरकाट हुतंय, त्येच कापतंय.

---

शर्यतवाला
१० नोव्हेंबर, दुपारी १.३०

ताई, राग मानू नका, पण मला तुमची काळजी वाटते म्हणून लिहितोय. तुम्ही रत्नागिरी रोडवर घोडी काढताय. तिथं ऊसवाहतूक, टुरिस्ट गाड्या, डंपर. घोडी उधळली तर साध्या कडीनं थांबणार नाही. मी पंधरा वर्षं घोडागाडी पळवतो. हाताखालचं जनावर थांबलं पाहिजे, हा पहिला नियम. माझ्या ओळखीचा एक जण मऊ कडीच्या नादात दुभाजकावर गेला, आजही लंगडतो. काटे नकोत तर लांब दांडीची कडी घाला, हनुवटीखाली साखळी असते ती. थोड्या जोरात काम होतं.

---

जनावरांचा_डॉक्टर
१० नोव्हेंबर, रात्री ८.४५

शर्यतवाला दादांची काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे.

आधी कायदा. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यातल्या ८ व्या नियमानं काटे, गाठी किंवा टोकं असलेली कडी वापरायला मनाई आहे, आणि त्यात स्वारीचं जनावरही येतं. म्हणजे काटेकडी हा आता मताचा प्रश्न नाही.

आता तोंड. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे खालच्या जबड्यावर एक रिकामा पट्टा असतो. कडी बसते ती तिथं. त्या जागी हिरडी पातळ असते आणि लगेच खाली हाडाची धार असते. आपल्या नडगीवर मांस नसतं तसं समजा. नडगीला खाटेचा कोपरा लागला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. घोडा हे पळून जगणारं जनावर आहे. दुखलं की त्याचं शरीर त्याला एकच सांगतं, पळ. जास्त दुखवून जास्त थांबेल हा हिशेब म्हणून बसत नाही. पळायला वाट दिसली नाही तर ते उभं राहतं. ताई, चंद्रा नेमकी तेच करतेय.

लांब दांडीबद्दल. दांडीचा तोंडातल्या भागाच्या वरचा तुकडा दीड इंच आणि खालचा साडेचार इंच असेल तर हातानं लावलेला जोर हनुवटीच्या साखळीवर तिप्पट होतो. मुरलेल्या हातात, शिकलेल्या घोड्याला ती कडी कुजबुजीसारखी चालते. घाबरून आवळलेल्या हातात तीच जबड्याला पकडीसारखी बसते. तुमच्या घोडीला आज ती नको.

मला जास्त शंका दातांची आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे दाढा झिजताना वरच्या दाढांना गालाच्या बाजूनं आणि खालच्यांना जिभेच्या बाजूनं धार येते. कडी मागं ओढली की गाल त्या धारेवर दाबला जातो. शिवाय पहिल्या दाढेच्या पुढं कधीकधी एक बारीक, बिनकामाची दाढ असते. काही जनावरांत ती हिरडीखालीच दडून राहते, दिसत नाही आणि कडी लागली की ठणकते. एकाच बाजूला वळायला त्रास असेल तर हे बघायलाच हवं.

मला सांगा: खाताना घास अर्धवट चावून गोळा टाकते का? लिदीत अख्खे दाणे दिसतात का? तोंडाला वास आहे का? आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती? घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, तोंडातली जखमही त्याला पुरते.

तोपर्यंत तोंडात काहीही घालू नका. आता घरात जी कडी आहे तीसुद्धा नाही.

---

पन्हाळारोड
१० नोव्हेंबर, रात्री १०.१५

डॉक्टर, तुमचं वाचून गोठ्यात जाऊन आले. गवताचे चावलेले गोळे टाकते, दोन-तीन दिवसांत एकदा तरी दिसतात. मला वाटायचं वैरण आवडली नसेल. लिदीत हरभऱ्याचे अख्खे दाणे आहेत. लस आणल्यावर एकदा दिली होती, पुढची राहिली.

जुनीपागा काका, कडी मी आठवड्यातून एकदा धुते. रोज धुवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

दुडकी
११ नोव्हेंबर, सकाळी ११.००

पन्हाळारोड, मी माळावर मुलांना घोड्यावर बसायला शिकवते, मूळची इथलीच. डॉक्टर तोंड बघतीलच, तोवर तू माप घेऊन ठेव. निम्मे घोळ मापाचे असतात.

सुताची दोरी घे, एका टोकाला गाठ मार. गाठ उजव्या ओठाच्या कोपऱ्याला टेकव, दोरी जिभेवरून, कडी जिथं बसते तिथून ओढून घे, डाव्या कोपऱ्याशी खूण कर. ताणायची नाही, ओठ दाबायचा नाही. तीनदा मोज. जे येईल त्यात दोन्ही बाजू मिळून साधारण एक सेंटिमीटर वाढव, बस्स. तुझी साडेपाच इंची कडी मला आत्ताच मोठी वाटतेय. आपल्या काठेवाडी, मारवाडी, भीमथडी घोड्यांची तोंडं लहान असतात, आणि दुकानात बहुतेक माल मोठ्या विलायती घोड्यांच्या मापाचा पडलेला असतो.

मोठी कडी त्रास कशी देते ते समजून घे. मधे एक सांधा असलेली कडी दोन्हीकडून ओढली की तिचा कोन होतो, अडकित्त्यासारखा. माप बरोबर असेल तर कोन उघडाच राहतो. माप मोठं असेल तर सांधा मधोमध न राहता खाली लोंबतो, कोन टोकदार होतो, जीभ दोन्हीकडून चिमटली जाते. आणि कडी एका बाजूला सरकते. डाव्या कोपऱ्यातलं रक्त त्यातूनही आलेलं असू शकतं.

आता जाडी. जाड कडीचा दाब जास्त जागेवर पसरतो हे खरं. पण तोंडात तेवढी जागा हवी ना! बंद तोंडात जीभ जवळजवळ सगळी जागा भरून टाकते. हिलरी क्लेटन नावाच्या संशोधिकेनं कडी घातलेल्या घोड्यांच्या तोंडाचं चालतं क्ष-किरण चित्रण केलं, त्यात घोडा जीभ मागं ओढून कडी वर दाढांकडं ढकलताना स्पष्ट दिसतो. त्याला स्वतःची सुटका करून घ्यायची असते. टाळू बसका आणि जीभ मांसल असेल तर २० मिलिमीटरची मऊ कडी तोंडात बोळा कोंबल्यासारखी होते. चंद्रासारख्या तोंडाला बहुतेक १२ ते १४ मिलिमीटर पुरे. फार बारीकही नको, ती तारेसारखी रुतते.

रबराबद्दल निपाणीकरांशी मी अर्धी सहमत आहे. काही घोड्यांना ते आवडतं. पण रबर जाड असतं, तोंड कोरडं असेल तर जिभेला घासून ओढतं, आणि चघळणारा घोडा महिनाभरात त्याचे लचके तोडतो. आत तार किंवा साखळी आहे का हेही बघावं लागतं.

माझ्या अनुभवात अशा घोडीला दोन सांध्यांची कडी सगळ्यात आधी लावून बघावी. मधला तुकडा गोलसर, लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत हवा. मधे चपटी पट्टी असलेलीही मिळते, तीही दोन सांध्यांचीच. पण ती पट्टी तिरकी बसवलेली असेल तर कडेनं जिभेत रुतते. लांबून दोन्ही सारख्या दिसतात, हातात घेऊनच फरक कळतो. दुसरा पर्याय म्हणजे सांधाच नसलेली, जिभेसाठी जरा वर वाकवलेली अखंड कडी. जीभ चिमटली जाण्याची भीती ज्या घोड्याच्या मनात बसलीय त्याला ती बरी पडते, वळवायला मात्र थोडी मुकी असते.

बाजूच्या कड्या फिरत्या घेऊ नकोस. त्या भोकातून फिरताना ओठाचा कोपरा चिमटतात. बाजूचं कडं तोंडातल्या दांड्याला पक्कं जोडलेली एगबट घे, तोंडात शांत राहते.

आणि नाकपट्टी! नाकाच्या हाडावर, पट्टीच्या आत दोन बोटं गेली पाहिजेत. तोंड उघडते म्हणून पट्टी आवळणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं.

---

चामडं_आणि_सुई
११ नोव्हेंबर, सायंकाळी ७.३०

मी जीन-लगामाचं काम करतो, पूर्वी चपलांचं करायचो.

नवी असो, जुनी असो, कुठलीही कडी घेताना कापसाचा बोळा तिच्यावरून सगळीकडून फिरवा. सांध्याच्या आत, भोकाच्या कडेला. कुठं एक तंतू जरी अडकला तर तिथं तोंड फाटणार. स्वस्त कडीवर नुसता चकचकीत मुलामा असतो. वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते. तांब्याची कडी घोडे आवडीनं चघळतात, लाळ सुटते, पण तांबं मऊ म्हणून सांध्यात लवकर झिजतं. दर महिन्याला बघावं लागतं. निव्वळ स्टेनलेस स्टील घ्या, फार विचार करू नका.

दुसरं, कडी चांगली असून गालपट्टे चुकलेले मी शंभरदा बघितलेत. लहान तोंडाच्या घोडीला मोठ्या घोड्याचा लगाम घातला की शेवटच्या भोकावरही कडी खाली लोंबते, मग घोडी जीभ कडीच्या वरून काढते. भोकं पाडून घ्या. ओठाच्या कोपऱ्याला एक हलकी सुरकुती पडेल इतकी वर, घोडी हसल्यासारखी दिसेल इतकी वर नको.

---

शर्यतवाला
१२ नोव्हेंबर, रात्री ९.१०

काट्यांचं मला मान्य आहे. आमच्यातही आता कुणी उघड घालत नाही. पण डॉक्टर, दुडकीताई, मूळ प्रश्न तसाच राहिला. ट्रॅक्टर समोर आला तर ही घोडी थांबणार कशी? तोंड बरं होईपर्यंत कोणी म्हणेल बिनकडीचा लगाम घाला, नाकावर चालणारा. रस्त्यावर मी तो कधीच घालणार नाही.

---

दुडकी
१२ नोव्हेंबर, रात्री १०.००

दादा, रस्त्यावर जायचंच नाही, हे उत्तर आहे. निदान दोन महिने तरी.

थांबणं हे कडीनं होत नाही, शिकवून होतं. कुंपणाच्या आत म्होरकीवर चालवायचं, श्वास सोडून बसायचं, 'हो' म्हणायचं, थांबली की लगेच हात सैल. दिवसातून वीस वेळा. ती आवाजावर थांबायला लागली की कडी फक्त आठवण करून द्यायला उरते. हात सैल सोडणं लोकांना सगळ्यात जड जातं. घोडी थांबल्यावरही ओढून धरलं तर तिला कळणार कसं की ती बरोबर वागली?

बिनकडीच्या लगामाबद्दल माझंही मत सावध आहे. त्यातही दांड्या असलेला प्रकार नाकावर तितकाच जोर टाकतो, आणि नाकाचं हाड खाली टोकाशी पातळ असतं. साधा, बाजूनं ओढणारा असेल तर कुंपणाच्या आत उत्तम.

---

जुनीपागा
१३ नोव्हेंबर, सकाळी ५.५०

दुडकी बाय बरूबर बोलतीया. शर्यतवाल्या, तुजी काळजीबी बरूबर हाय गड्या.

जखमंवर तुरटी लाव पोरी, कातडं घट्ट हुतंय. पागंत लावायची.

---

जनावरांचा_डॉक्टर
१३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुरटी नको. ती झोंबते, कातडं कोरडं करते, आणि घट्ट झालेलं कातडं पुढं चिरतं. तोंडातली जखम कडी काढली की बहुतेक आपोआप भरते. कोमट पाण्यात किंचित मीठ घालून धुवा, बाकी काही नको.

ताई, शनिवारी मी तिकडच्या बाजूला येतोय. मोबाईलवर कळवा. घोडीला आदल्या रात्री थोडीच वैरण द्या, गुंगी द्यावी लागेल. जबडा उघडा धरायचं साधन लावल्याशिवाय मागच्या दाढा दिसत नाहीत.

---

पन्हाळारोड
१६ नोव्हेंबर, रात्री ८.३०

डॉक्टर येऊन गेले. इतकी माणसं विचारत होती म्हणून सविस्तर लिहिते.

वरच्या डाव्या बाजूला, हिरडीखाली ती दडलेली दाढ निघाली. बोट फिरवल्यावर तांदळातल्या खड्यासारखी लागत होती, आणि गुंगीत असूनही चंद्रानं कान मागं टाकले. डाव्या गालाच्या आत जुने-नवे ओरखडे. वरच्या दाढांची धार माझ्या बोटालाही टोचली. जिभेवर आडवा पांढरा वण आहे, जुना. तो काटेकडीचा असणार.

डॉक्टरांनी सुन्न करून ती दाढ काढली, बाकीच्या दाढा कानशीनं घासल्या. लस दिली. तीन आठवडे तोंडात काही घालायचं नाही, पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

काढलेली दाढ माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा मला रडू आलं. एवढीशी आहे. वर्षभर मी तिला डावीकडं वळत नाही म्हणून टाच मारत होते.

दोरीचं माप तिन्ही वेळा साडेचार इंचाला किंचित कमी आलं. माझी कडी तिच्या तोंडाच्या मापापेक्षा एक इंचाहून जरा जास्तच मोठी होती.

---

निपाणीकर
१६ नोव्हेंबर, रात्री ८.५५

वाचून मी आमच्या तट्टाच्या तोंडात बोट घातलं. एक दाढ टोचते. डॉक्टर, तुमचा निपाणीकडं फेरा असतो का?

---

जनावरांचा_डॉक्टर
१६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

महिन्यातून एकदा. मेसेज करा. मागच्या दाढांत काही गुंतागुंतीचं निघालं तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवू.

---

पन्हाळारोड
२२ डिसेंबर, रात्री ९.००

मधे बरेच दिवस गेले. पावणेपाच इंची, १४ मिलिमीटरची, दोन सांध्यांची एगबट मागवली. पहिली आली ती कापसाच्या परीक्षेत नापास झाली, परत पाठवली. दुसरी पास झाली. गालपट्ट्यांना दोन-दोन भोकं पाडून घेतली.

घालायची कशी हा मोठा प्रश्न होता, कारण लगाम बघूनच ती मान छताला लावायची. आमच्या शेजारी गुऱ्हाळ सुरू झालंय. तिथून काकवी आणली, कडीला बोटभर लावली आणि नुसती तिच्यासमोर धरली. पहिले चार दिवस तिनं फक्त चाटलं. पाचव्या दिवशी स्वतःच तोंड उघडलं. थंडी आहे म्हणून आधी कडी तळहातात धरून ऊब देते. काढताना घाई करत नाही, ती स्वतः जिभेनं सोडेपर्यंत थांबते, दाताला धातू आपटू देत नाही.

कुंपणात आता 'हो' म्हटलं की थांबते. मान झटकणं जवळजवळ गेलं. डावीकडं अजून ताठ होते, दुडकीताई म्हणाल्या ती आता सवय आहे, वेळ लागेल. जीभही एखाद्या वेळी बाहेर येते.

---

शर्यतवाला
२२ डिसेंबर, रात्री ९.४०

ताई, छान वाटलं. मी माझ्या दोन्ही कड्यांवर कापूस फिरवला. एक टाकून दिली. रस्त्यावर कधी काढणार?

---

पन्हाळारोड
१८ जानेवारी, सकाळी १०.३०

आज काढली, दादा. सकाळी सहाला, रहदारी नसताना, भाऊ सायकलवर पुढं. केर्लीपर्यंत जाऊन आलो. परतताना उसाचा ट्रॅक्टर आलाच, दोन ट्रॉल्या लावलेला, गाणी लावून. माझ्या पोटात गोळा आला, पण हात सैल ठेवले आणि 'हो' म्हटलं. ती कडेला थांबली. अंग थरथरत होतं तिचं, तोंड मात्र बंद होतं. ट्रॅक्टर गेल्यावर तिनं कडी दोनदा चघळली आणि स्वतःहून चालायला लागली.

---

जुनीपागा
१८ जानेवारी, सकाळी १०.४५

आल्यावर कडी धुतलीस का?

---

पन्हाळारोड
१८ जानेवारी, सकाळी १०.५०

धुतली, काका. पुसून खुंटीला लावली.